वाकांडा आणि आपण

चळवळीतल्या माणसाने असले अद्भुताचे सिनेमे पाहावेत काय, असा सवाल आम्हाला नेहमी केला जातो. वस्तीतले नळ कोरडे, पोरांची शिष्यवृत्ती रखडलेली, आणि तुम्ही थ्रीडी चष्मा लावून बसता! आमचे उत्तर सरळ आहे. पाहावेत, मोठ्या पडद्यावर पाहावेत, लेकराबाळांना घेऊन पाहावेत.

२०१८ सालचा ‘ब्लॅक पँथर’ घ्या. रायन कूगलर या काळ्या दिग्दर्शकाने आफ्रिकेत वाकांडा नावाचा देश उभा केला. कधीही कुणाचा गुलाम न झालेला देश! तिथल्या व्हायब्रेनियम या काल्पनिक धातूच्या खाणी तिथल्याच लोकांच्या ताब्यात आहेत. यान जंगलाच्या दिशेने झेपावते, आता आदळणार असे वाटते, आणि झाडीचा आभास भेदून ते एकदम झगमगत्या नगरीवर येते. आम्ही खुर्चीच्या कडेला आलो होतो! गगनचुंबी इमारतींच्या माथ्यावर गवती छपरांचे घाट, खाली गजबजलेला बाजार, वरून सुसाट जाणारी गाडी. अन् सगळ्या देशाची प्रयोगशाळा चालवते कोण? सोळा वर्षांची काळी पोर, शुरी. या जगाचे कपडे रचणाऱ्या रूथ कार्टर आणि नगरी रचणाऱ्या हॅना बीचलर या दोघींना २०१९ साली ऑस्कर मिळाले. आपापल्या विभागात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्याच कृष्णवर्णीय.

आणि आपल्या वाट्याला पडद्यावर काय आले? पौराणिकांत राक्षस, सामाजिकांत पायाशी बसलेला चाकर. समांतर सिनेमाने आपले अश्रू दाखवले, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपली पोरगी अंतराळयान चालवते आहे, हे कुणी दाखवले? अद्भुताचा मक्ता पोथीवाल्यांकडेच का राहावा?

याला कुणी स्वप्नरंजन म्हणेल. म्हणोत बापडे. याच सिनेमातला किलमाँगर लंडनच्या संग्रहालयात उभा राहून विचारतो, आमच्या पूर्वजांच्या या वस्तू तुम्ही विकत घेतल्या की लुटल्या? हा सवाल आपल्या ओळखीचा नाही काय? अमेरिकेत ब्लॅक पँथर पक्ष १९६६ साली निघाला, त्यापासून स्फूर्ती घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. म्हणून ते नाव पडद्यावर झळकले तेव्हा आमच्या अंगावर काटा आला, तो काही तांत्रिक करामतीने नव्हे.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकली. विज्ञानात एवढा पुढारलेला देश, पण राजा जन्माने ठरतो, फार तर कुस्तीने! बाहेर पडताना आमच्या बारा वर्षांच्या पुतणीने नेमके तेच विचारले, “काका, एवढी हुशार माणसं, मग तिथं मतदान का नाही?” आम्ही निरुत्तर. तिला म्हटले, तुझा वाकांडा तू लिही. परवा तिने वहीची चार पाने आणून दाखवली. तिच्या नगरीत राजवाडाच नाही.