कार्बनचा हिशेब माणशी मांडा!

कुठल्या भागातल्या वाहनांतून किती कार्बन डायऑक्साइड निघतो, याची तुलना करताना भागाची एकूण बेरीज मांडली जाते. अशा तक्त्यात शेवगावसारखा तालुका 'स्वच्छ' ठरणार हे उघड आहे. हे कौतुक आम्हाला मान्य नाही.

शेवगावला रेल्वे नाही. अहिल्यानगर गाठायचे तर साठ-पासष्ट किलोमीटर रस्ताच. एसटी नाही म्हणून बारावीनंतर घरी बसलेल्या मुलीचा प्रवास शून्य, म्हणून तिचा कार्बनही शून्य. याला पर्यावरणरक्षण म्हणायचे की वंचना?

आता माणशी हिशेब करू. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो आणि पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला साडेचार किलोमीटर जाणारी एसटी ४० माणसे नेते, तेव्हा किलोमीटरला माणशी १५ ग्रॅम पडतात. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या मोटारीत एकटे साहेब बसतात, तेव्हा सुमारे १५० ग्रॅम. म्हणजे दहापट! तरी बोट दाखवले जाते ते एसटीच्या काळ्या धुराकडे.

आणि सवलत कोणाला? २०२५ मध्ये विजेच्या मोटारींना अटल सेतूवर टोलमाफी मिळाली. त्याच वर्षी जानेवारीत एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ते योग्यच आहे. पण गाडीच आली नाही तर अर्धे तिकीट कशाचे काढायचे?

१ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुण्याहून धावली ती आपल्याच जिल्ह्याकडे, अहमदनगरला. संविधानाचे कलम ३८(२) सांगते की, वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या लोकांमधली सुविधांची आणि संधींची विषमता दूर करण्यासाठी राज्याने झटावे. बाबासाहेबांनी मागितलेले 'एक व्यक्ती, एक मूल्य' कार्बनच्या हिशेबातही लागू झाले पाहिजे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : तुलना माणशी करा, आणि विजेच्या नव्या बस आधी तालुक्याच्या आगारांना द्या. कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात आपल्या आगाराकडून मंजूर फेऱ्या किती आणि रद्द किती, हे मागवावे. तो कागद ग्रामसभेत वाचावा. हवामानाची लढाई आपल्या वस्तीत तिथूनच सुरू होते.

जय भीम! जय संविधान!