कुलूप लावलं नव्हतं का?

सायकल चोरीला गेली असं सांगितलं की ऐकणारा पहिला प्रश्न हाच विचारतो. माझी गेली तेव्हा सोसायटीच्या चेअरमननी विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला, पोलीस ठाण्यात अंमलदारांनी विचारला, आणि तिच्या चाकांचा आऊट दर पावसाळ्यानंतर काढणाऱ्या सायकलवाल्यानंही विचारला. ‘कोणी नेली असेल?’ असं एकानंही विचारलं नाही. चोर म्हणजे जणू वळवाचा पाऊस. तो यायचाच, तुम्ही छत्री का नेली नाहीत एवढंच बोला.

तर, लावलं होतं. एक नव्हे, दोन कुलपं लावली होती. मागच्या चाकाचं गोल कुलूप, आणि चाक व फ्रेम यांच्यातून ओवलेलं नंबराचं केबल लॉक. सायकल साईड स्टँडवर, पार्किंगच्या कोपऱ्यात. सीसीटीव्हीच्या चित्रणात दोन पोरं येतात, एक हँडलाकडून आणि एक कॅरिअरकडून धरतो, आणि आषाढीची पालखी उचलावी तशी ती सायकल उचलून फाटकाबाहेर नेतात. सतरा किलोंचं ते ओझं. दोन्ही कुलपं शेवटपर्यंत शाबूत. पोरांच्या पाठी अगदी स्पष्ट दिसतात.

पुण्यात हा विषय काढला की चार ठरलेली मतं कानावर येतात. कधीकाळी सायकलींचं शहर म्हणवून घेतलेलं हे गाव. त्यामुळे मतं असणारच, आणि ती ठामच असणार. खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष सरळपणे मांडावा असा दंडक आहे, म्हणून ती मतं शक्य तितक्या प्रामाणिकपणे मांडतो.

पहिलं मत कुलपाचं. चांगलं, महाग कुलूप घ्या, प्रश्न मिटला. यातला निम्मा भाग खरा आहे. पण कुलूप सायकलला लावायचं असतं ही समजूतच मुळात चुकीची. कुलूप लावायचं ते जागेला. चाकाला लावलेलं गोल कुलूप सायकल चालवू देत नाही, उचलू देतं. गोठ्यातल्या म्हशीचे दोन पाय एकमेकांना बांधून कोणी दावं मोकळं सोडत नाही, खुंटी लागतेच. मागचं चाक, फ्रेम आणि जमिनीत पक्का रोवलेला लोखंडी पाइप ही तिन्ही एकाच कुलपात आली पाहिजेत, आणि तो पाइप असा हवा की वरून सायकल काढून घेता येणार नाही. मागचंच चाक का? गिअर असलेल्या सायकलीत ते पुढच्यापेक्षा महाग असतं, आणि पुढचं निखळलं तरी सायकल जागेवर राहते. कुलूप जमिनीला टेकू देऊ नये. फरशीवर टेकलेलं कुलूप हातोडीखाली लवकर मान टाकतं. केबल लॉक तर हातातल्या कटरपुढे काही क्षणांचं धनी. नंबर लॉकचा हिशेब मी नंतर, रागाच्या भरात, कागदावर मांडला. तीन आकडे म्हणजे एक हजार शक्यता, एकेकीला दोन सेकंद धरले तरी सगळ्या तपासायला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ. आणि आपण सगळे आळशी. कुलूप लावताना फक्त शेवटची चकती फिरवतो, म्हणजे चोराला दहाच शक्यता उरतात. महाग यू-लॉक यापेक्षा कितीतरी बरं, यात वाद नाही; पण त्याच्याही भरवशाची म्हैस होऊ शकते. २००४ साली अमेरिकेत एका नामांकित कंपनीची गोल किल्लीची यू-लॉकं साध्या बॉलपेनाच्या प्लॅस्टिकच्या नळीनं उघडतात हे जगजाहीर झालं, आणि कंपनीला कुलपं बदलून द्यावी लागली.

म्हणून माझा सवाल उलट दिशेनं आहे. मी यू-लॉक आणलं, चला. ते लावू कशाला? पुणे महापालिकेनं डिसेंबर २०१७ मध्ये मोठा सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ट्रॅक आहेत, जोडरस्ते आहेत, उद्दिष्टं आहेत. पण भाजी घ्यायला, बँकेत, दवाखान्यात गेलो की सायकल बांधायला खांब शोधावा लागतो, आणि सापडलेल्या खांबाच्या मालकाची परवानगी. जिथे स्टँड असतात तिथेही बहुतेक ठिकाणी पुढचं चाक खोचायच्या लोखंडी फण्या. त्यात सायकल उभी राहते, बांधली जात नाही. वाकवलेल्या पाइपाची एक कमान, दोन्ही पाय काँक्रीटमध्ये, बस्स. एका कमानीला दोन्ही बाजूंनी दोन सायकली. मोटारीच्या एका जागेत अशा पाच कमानी आरामात बसतात. आमच्या सोसायटीच्या सभेत हे मांडलं तेव्हा ‘सायकली कितीशा आहेत?’ असा प्रश्न आला. एक कमी झाली म्हणूनच मी उभा राहिलो होतो, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसरं मत खास मध्यमवर्गीय. भारी सायकल वापरायचीच कशाला? जुनाट, गंजकी ठेवा, कोणी हात लावणार नाही. हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण चोराच्या बाजूनं विचार करा. साठ हजारांची सायकल विकायची तर गिऱ्हाईक जाणकार लागतं, आणि जाणकार गिऱ्हाईक ती कोणाची हे ओळखण्याची भीती असते. साधी सायकल पाचशे-हजाराला कोणीही घेतं. बिल कुठे आहे, हा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय जुनाट सायकल कोणाची असते? पहाटे पेपर टाकणाऱ्या मुलाची, रात्रपाळीच्या वॉचमनची, मुंबईत स्टेशनाबाहेर डबे लावणाऱ्याची. त्यांना ‘भारी घेऊ नका’ हा उपदेश करून काय उपयोग?

इथे कायद्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फार थोड्यांना ठाऊक आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा आता अदखलपात्र. म्हणजे एनसी. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. हौशी माणसाच्या सायकलीसाठी एफआयआर, पेपरवाल्याच्या सायकलीसाठी एनसीची पावती! पोलिसांवर क्षुल्लक चोऱ्यांचा भार नको हा त्यामागचा हेतू मला समजतो. पण ज्याचा दिवसाचा धंदा दोन चाकांवर चालतो त्याच्या दृष्टीनं क्षुल्लक काय, हे रुपयांत कसं मोजणार? तेव्हा तक्रार लिहिताना सायकलची किंमत ‘असेल हजार-दोन हजार’ अशी संकोचानं सांगू नका. बिल दाखवा, नंतर बसवलेल्या भागांची बिलं दाखवा आणि खरी किंमत लिहून घ्या. आणि ‘हरवली’ असं लिहायला कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. सायकल हरवत नाही. छत्री हरवते.

तिसरं मत सगळ्यात बळकट, आणि त्यापुढे मी अर्धा नमतो. तक्रार करून उपयोग काय, सायकल थोडीच मिळणार आहे? खरं आहे, बहुधा मिळत नाही. पण का मिळत नाही? ठाण्यातल्या अंमलदारांनी मला दुसरा प्रश्न विचारला तो असा: ‘फ्रेम नंबर?’ मी गप्प. ‘रंग?’ काळा. ‘खूण?’ उजव्या पायडलला थोडी खरचटलेली. ते हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. काळी, उजवीकडे खरचटलेली सायकल या शहरात शोधायची म्हणजे पंढरपुरात बुक्का लावलेला माणूस शोधण्यातला प्रकार. उद्या पोलिसांनी चोर पकडून वीस सायकली जप्त केल्या तरी त्यातली माझी कोणती हे मी सिद्ध कशानं करणार? मग ती मुद्देमाल म्हणून अंगणात गंजत पडणार आणि बेवारस ठरून लिलावात जाणार.

फ्रेम नंबर जवळजवळ प्रत्येक सायकलीवर असतो. सायकल उलटी केली की पायडलांचा आस ज्या नळीतून जातो तिच्या बुडाशी तो ठोकलेला दिसतो. काही सायकलींवर सीटच्या नळीवर किंवा हँडलाखालच्या नळीवर. माझ्या सायकलीवरही असणार. सहा वर्षं चालवली, एकदाही उलटी करून पाहिली नाही. दुकानदारानं दिलेल्या कच्च्या बिलावर ‘सायकल १ नग’ एवढंच लिहिलं होतं. आपण किलोभर तूरडाळीचं बिल याहून तपशीलवार घेतो.

डेन्मार्कमध्ये सायकलीवर फ्रेम नंबर ठोकणं १९४२ पासून सक्तीचं आहे, आणि तो नंबर सांगता आला नाही तर विम्याचे पैसे मिळत नाहीत. जपानमध्ये १९९४ पासून प्रत्येक सायकलीची नोंदणी बंधनकारक आहे. फ्रेमवर चिकटपट्टी लागते आणि रात्री गस्तीवरचा पोलीस तुम्हाला थांबवून ती तपासतो. तिथे चोऱ्या होत नाहीत असं नाही, भरपूर होतात. पण सापडलेली सायकल कोणाची हे कळतं. आपल्याकडे हे नवीन आहे असंही नाही. जुन्या लोकांना नगरपालिकेचा पितळी बिल्ला आठवत असेल. कर भरायचा, बिल्ला घ्यायचा, हँडलाखाली अडकवायचा, नाहीतर रात्रीच्या बिनदिव्याच्या आणि डबलसीटच्या दंडाबरोबर त्याचाही दंड. तो कर गेला, चांगलं झालं. त्यासाठी कोणी अश्रू ढाळू नयेत. पण करासोबत सायकलचा नंबरही गेला, आणि तेव्हापासून आपल्या सायकली निनावी झाल्या.

‘म्हणजे तुम्हाला पुन्हा लायसन्स राज हवंय’ असं एका मित्रानं मला ऐकवलं. नकोय. मला एवढंच हवंय की दुकानदारानं पक्क्या बिलावर फ्रेम नंबर लिहावा, आणि सेकंडहँड सायकल विकत घेणाऱ्यानं तो मागावा. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून तो विकत घेणं हाही गुन्हाच आहे, कलम ३१७ खाली, पण ‘मला काय माहीत?’ हे उत्तर आज सगळ्यांना मोफत मिळतं. ते जरा महाग व्हावं. हल्ली लोक सीटखाली किंवा घंटेत ट्रॅकर लपवतात, तेही करा. पण काही ट्रॅकर सोबत फिरणाऱ्या अनोळखी फोनवर स्वतःच वर्दी देतात, म्हणजे चोरालाही कळतं. आणि नकाशावर ठिपका दिसला म्हणून एकट्यानं त्या पत्त्यावर जाऊन दार वाजवायचं नाही. सोबत पोलीस हवा, आणि ती सायकल तुमची हे सांगणारा कागदही.

चौथं मत जरा भावुक आहे. जाऊ दे, गरीब असेल बिचारा, त्याच्या उपयोगी पडेल. व्हित्तोरिओ दे सीका यांचा १९४८ चा ‘बायसिकल थीव्ज’ पाहून हळहळणारे लोक हे जास्त बोलतात, आणि त्यांनी तो नीट पाहिलेला नसतो. त्या सिनेमात ज्याची सायकल जाते तोच गरीब आहे. पोस्टर चिकटवायची नोकरी सायकलीवाचून टिकणार नाही म्हणून तो रोमभर वणवण करतो, पोलीस हात वर करतात, आणि शेवटी तो स्वतःच दुसऱ्याची सायकल उचलतो. दया कुठे दाखवायची याची सोय कायद्यानंच केली आहे. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा, आणि माल किंवा किंमत परत केली, तर कैदेऐवजी समाजसेवेची शिक्षा. मला ती मनापासून पटते. पण ही दया शिक्षेच्या वेळची. तपासच न करणं याला दया म्हणत नाहीत.

दुसरी सायकल घेतली तेव्हा दुकानातच उलटी केली. नंबरचा फोटो काढला, बिलावर लिहून घेतला. मग आठवलं, वडिलांच्या सायकलीच्या चेनकव्हरवर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि गाव होतं, आणि जत्रेत शंभर सायकलींत ती लांबून ओळखू यायची. पाट्या रंगवणारे पेंटर आता शोधावे लागतात. मला एक सापडले, सत्तरीचे. अक्षरामागे पैसे. म्हटलं, मोबाइल नंबर घाला. त्यांनी ब्रश थांबवला. म्हणाले, ‘‘नंबर बदलतात हो साहेब. आडनाव आणि पेठ घालतो. आणि उजव्या बाजूला नको, तिकडे चेनचं तेल उडतं का बघू आधी.’’ असं म्हणत त्यांनी सायकल घोडीवर लावली आणि पायडल फिरवून पाहिलं.