कर्ज संपले, गहाण सुटले नाही!



इंग्रजांनी मुलूख तलवारीने घेतला असे पोरांना शिकवतात. वऱ्हाडात तलवार उपसावीच लागली नाही. हिशेबाची वही पुरली.

निजामाच्या राज्यात फौज उभी केली इंग्रजांनी. अंमलदार त्यांचे, हुकूम त्यांचा. पगार मात्र निजामाच्या माथी. पगार थकला की कंपनी पैसे द्यायची आणि व्याजासकट निजामाच्या नावे मांडायची. १८५३ साली या बाकीपोटी वऱ्हाड प्रांत कंपनीच्या ताब्यात गेला. १८६० च्या तहात कर्ज सोडले, वऱ्हाड सोडला नाही. १९०२ साली वर्षाला २५ लाखांवर तो कायमचा पट्ट्याने घेतला. गावचा सावकार बरा म्हणायची पाळी!

शेजारी नागपूरला काय झाले? डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. राजघराण्याचा दत्तकाचा हक्क मानला नाही. १८५४ साली राज्य खालसा. साताऱ्याला १८४८ मध्ये हेच केले होते. नागपूर घेताना डलहौसीने जी कारणे लिहून ठेवली, त्यांत विलायतेच्या गिरण्यांना हवा असलेला कापूसही आहे. वारस हे निमित्त, नजर बोंडावर! १८७० मध्ये रेल्वे खामगावच्या कापूस बाजाराला भिडली, ती काय आपल्या पोरांना शाळेत न्यायला?

राजे गेले, त्याचे रडगाणे आपल्याला नको. रीत ओळखा. खर्च त्यांनी करायचा, वहीत नाव आपले लिहायचे, कायदाही त्यांनीच काढायचा. म्हणून वही कुणाची, व्याज कुणी मांडले, हे विचारल्याशिवाय कागदावर अंगठा उठवू नका.