खरे लिहिणाऱ्याच्या पार्सलला सुरक्षित वाट द्या

प्रति,
मा. केंद्रीय दळणवळण मंत्री, डाक विभागाचे सचिव, केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाचे अध्यक्ष आणि आंतरराष्ट्रीय कुरिअर कंपन्यांचे भारतातील प्रमुख यांस,



परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसाला मोलाची वस्तू पाठवायला गेले की अनेक काउंटरांवर पहिला सल्ला मिळतो तो खोटे लिहिण्याचा. ‘सोने लिहू नका, इमिटेशन लिहा.’ ‘किंमत दोन हजारच टाका, नाहीतर तिकडे ड्युटी लागेल.’ सांगणारा माणूस वाईट नसतो. त्याच्या परीने तो गिऱ्हाइकाची सोय पाहत असतो. पण त्या एका शब्दाने पाठवणारा दोन्हीकडून नागवला जातो. पार्सल तिकडे उघडले गेले तर तो खोटे विवरण देणारा ठरतो आणि वाटेत हरवले तर त्याला भरपाई मिळते ती इमिटेशनची. ज्याने खरे लिहिले त्याचे पार्सल मात्र बरेचदा स्वीकारलेच जात नाही. माझी तुम्हा सर्वांकडे मागणी एकच आहे. जो खरे लिहितो त्याला सुरक्षित वाट मिळाली पाहिजे.

हे कोणासाठी, तेही सांगते. आमच्या ओळखीतल्या एका आजींना मँचेस्टरला नात झाली. वय आणि गुडघे, दोन्हींमुळे जाणे शक्य नव्हते. त्यांनी बाळलेणी पाठवली. चांदीचे वाळे, सोन्याच्या बिंदल्या, मनगट्या, सोबत झबली-टोपडी आणि लेकीसाठी डिंकाचे लाडू. खोके पोचले, लाडूही पोचले, झबलीही पोचली. दागिन्यांची डबी तेवढी नव्हती. खोक्याच्या एका कडेला दुसऱ्याच रंगाची चिकटपट्टी होती. तक्रार केल्यावर पावतीच्या मागे छापलेल्या अटींकडे बोट दाखवले गेले आणि फॉर्मवर ‘आर्टिफिशियल ज्वेलरी’ असे लिहिल्याची आठवण करून देण्यात आली. ते शब्द आजींचे नव्हते. काउंटरवरच्या मुलाने लिहिले होते. खाली सही मात्र त्यांची होती.

त्या अटींच्या मुळाशी काय आहे ते ग्राहकाला कोणी सांगत नाही. विमानाने जाणाऱ्या मालाबाबत 1999 चा मॉन्ट्रियल करार आहे आणि भारत त्यात 2009 पासून आहे. माल हरवला किंवा खराब झाला तर वाहतूकदाराची जबाबदारी त्या करारात किलोवर मोजतात. 28 डिसेंबर 2024 पासून ही मर्यादा किलोला 26 एसडीआर, म्हणजे साधारण तीन हजार रुपये आहे. दोन किलोच्या खोक्याला सहा हजारांच्या आसपास, मग आत विटा असोत की पाटल्या. त्याच करारात असेही आहे की पाठवणाऱ्याने वस्तूचे खरे मूल्य आधी जाहीर केले आणि जादा आकार भरला, तर ही मर्यादा उठते आणि जाहीर केलेल्या रकमेपर्यंत जबाबदारी येते. म्हणजे करार करणाऱ्यांनी वाट ठेवलेली आहे. कुरिअर कंपन्यांनी आपल्या अटींत ती अरुंद केली. रोकड आणि सोन्याचांदीचे तुकडे बहुतेकांकडे वर्ज्य असतात, आणि दागिन्यांना कुठे बंदी असते तर कुठे जाहीर मूल्याची मर्यादा. कंपन्यांना तसे ठरवायचा अधिकार आहे, हे मान्य. पण मग ती अट काउंटरवर ठळक मराठीत लावा आणि दागिने असलेले खोके सरळ नाकारा. नाव बदलून ते घेणे बंद करा.

टपालाकडून माझी अपेक्षा जास्त आहे, कारण टपाल आमचे आहे. जागतिक टपाल संघ 1874 साली स्थापन झाला आणि 1876 पासून भारत त्याचा सदस्य आहे. या संघाचा जुना नियम असा की नोटा, सोने, चांदी, दागिने, रत्ने साध्या टपालात घालू नयेत. विमा उतरवलेल्या वस्तूंची सोय असेल तर ती त्या वाटेने जावीत. नियम शहाणपणाचा आहे. अडचण अशी की आपल्याकडून परदेशी जाणाऱ्या पार्सलाच्या विम्याची सोय सगळ्या देशांसाठी नाही. जिथे ती नाही तिथे आईने काय करावे, याचे उत्तर कुठल्याही फलकावर नाही. शिवाय 18 जून 2024 पासून लागू झालेल्या नव्या डाकघर अधिनियमाच्या कलम 10 नुसार, नियमांनी ठरवून दिलेले दायित्व सोडले तर सेवेबाबत डाकघरावर कोणतेही दायित्व येत नाही. 1898 च्या कायद्याचा सूरही असाच होता. त्या कायद्याच्या काळात तारायंत्र आणि घोडागाडी होती. आता पार्सलाचा प्रत्येक मुक्काम फोनवर दिसतो. तरीही नव्या कायद्यात जबाबदारी तेवढीच आखडती राहिली, याचे मला मनापासून वाईट वाटते. सचिव महोदय, ‘ठरवून दिलेले दायित्व’ ठरवण्याची लेखणी सरकारच्याच हातात आहे. ती चालवा.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडते ती सांगते. परदेशी पार्सलवर सीमाशुल्काचे विवरणपत्र लावावे लागते. लहान पाकिटाला सीएन-22 आणि मोठ्याला सीएन-23. त्यात वस्तूचे वर्णन, वजन, किंमत लिहायची, ‘भेट’ या चौकटीत खूण करायची आणि तो कागद खोक्याच्या बाहेर लावायचा. म्हणजे खरे लिहिणाऱ्याने ‘सोन्याचा हार, दीड लाख’ असे लिहून ते खोके बुकिंगच्या टेबलापासून मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरच्या विदेश डाकघरापर्यंत आणि पुढे परक्या देशातल्या शेवटच्या गाडीपर्यंत अनेक हातांतून जाऊ द्यायचे. चोराला खोके हलवून पाहण्याचीही गरज उरत नाही. सीमाशुल्काला वस्तूची माहिती हवी, ती मिळालीच पाहिजे. पण आता ही माहिती खोक्याच्या आधी संगणकावरून पुढे जाते. युरोपीय संघाने 15 मार्च 2021 पासून टपालासाठीही आगाऊ इलेक्ट्रॉनिक माहिती बंधनकारक केली आणि अमेरिकेने त्याआधीच 2018 मध्ये तसा कायदा केला. माहिती जर तारेवरून पोचतेच आहे, तर किंमत उघड्या कागदावर कशासाठी? बाहेर फक्त बारकोड असावा आणि तो वाचण्याचा अधिकार सीमाशुल्काला असावा. हे एकट्या भारताच्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. पण सप्टेंबर 2025 मध्ये दुबईला भरलेल्या जागतिक टपाल संघाच्या परिषदेत भारत प्रशासन परिषदेवर आणि टपाल कार्य परिषदेवर पुन्हा निवडून आला. त्याच परिषदेत यूपीआयला संघाच्या व्यासपीठाशी जोडण्याचा प्रकल्पही आपण मांडला. पैसे परदेशातून घरी सुखरूप यावेत म्हणून एवढी खटपट करणाऱ्या देशाने, घरची वस्तू परदेशी सुखरूप जावी म्हणून त्याच सभागृहात बोलावे.

जे आपल्या हातात आहे ते मात्र उद्या होऊ शकते. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या सोन्याच्या दागिन्यावर सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक सक्तीचा आहे. सराफाकडून निघालेल्या अशा दागिन्याला स्वतःची ओळख आहे आणि ती कोणीही बीआयएस केअर ॲपवर तपासू शकतो. ही ओळख पार्सलाच्या बुकिंगमध्ये का नाही? काउंटरवर दागिना पाहावा, एचयूआयडी आणि ग्रॅममधले वजन नोंदवावे, पाठवणाऱ्याच्या समोर डबी सीलबंद करावी आणि तेच वजन मुंबईतून निघताना पुन्हा घ्यावे. दागिना हरवला तर तो क्रमांक हरवल्याची नोंद ॲपवर दिसावी, म्हणजे तो देशात मोडीत घालणे किंवा विकणे अवघड होईल. सराफ कट्ट्यावरचा कोणताही जुना माणूस सांगेल की चोरीच्या दागिन्याला सर्वांत जास्त भीती ओळखीची असते. यासाठी नवे यंत्र लागत नाही. काटा प्रत्येक टपाल कार्यालयात आहे.

वजनाबाबत आणखी एक. बुकिंगच्या पावतीवर वजन ग्रॅममध्ये छापलेले असते, पण घेणाऱ्याच्या दारात खोके कोणी मोजत नाही. खोके हलके लागले तर घेण्याआधीच काय करायचे, हे पाठवणाऱ्याला बुकिंगच्या वेळी लिहून द्या. म्हणजे तो ते तिकडे कळवून ठेवील. आणि आंतरराष्ट्रीय टपालाची चौकशी पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते, हेही पावतीवर छापा. ही मुदत उलटून गेल्यावरच अनेकांना तिचा पत्ता लागतो.

खोटे लिहिण्यामागे चोरीची भीती असते, तशी कराचीही असते. ब्रिटनमध्ये 39 पौंडांपर्यंतच्या आणि युरोपीय संघात 45 युरोंपर्यंतच्या भेटीला कर माफ आहे. एवढ्यात सोन्याची कुडीसुद्धा बसणार नाही. आईने पाठवलेल्या भेटीसाठी लेकीने दारात कर भरायचा, याची लाज वाटून माणसे किंमत कमी लिहितात. यावर उपाय तुम्ही स्वतःच करून दाखवला आहे. अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून उठवली, तेव्हा आपल्या टपालाला 25 ऑगस्टपासून बहुतेक पार्सले थांबवावी लागली. सुरुवातीला 100 डॉलरपर्यंतच्या भेटी चालू होत्या. सोने तेव्हा दहा ग्रॅमला लाखापुढे गेलेले होते, म्हणजे त्या सवलतीत एक ग्रॅमही मावत नव्हता. महिनाअखेरीस तेही बंद झाले. 15 ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली, पण लक्ष्मीपूजन सहा दिवसांवर होते आणि त्या साली कित्येक घरांचा फराळ इथेच राहिला. त्या गोंधळातून एक चांगली गोष्ट निघाली. अमेरिकेचा कर इथल्या काउंटरवर आधीच भरण्याची व्यवस्था उभी राहिली. तीच सोय ब्रिटन, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आखाती देश यांच्यासाठीही व्हावी, यासाठी त्या त्या टपाल प्रशासनांशी बोला. कर भरायला आमची ना नाही. तो किती आणि कुठे, एवढे आधी कळू द्या.

भारताबाहेर भेट पाठवण्याची मुभा आपल्या परराष्ट्र व्यापार धोरणात वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत आहे. हे सामान्य माणसाला माहीत नाही, म्हणून तो आपण काही बेकायदा करत आहोत अशा भीतीने काउंटरवर उभा राहतो. त्याउलट, पणजीच्या देव्हाऱ्यातली शंभर वर्षांहून जुनी मूर्ती 1972 च्या पुरावस्तू कायद्याने बाहेर नेताच येत नाही. हेही त्याला माहीत नसते आणि विमानतळावर मूर्ती अडकल्यावर कळते. दोन्ही गोष्टी एकाच फलकावर मावतील.

सीमाशुल्क मंडळाच्या अध्यक्षांना एक वेगळी विनंती. तुमच्या नावाने रोज लोक लुबाडले जात आहेत. परदेशातल्या ‘मित्रा’ने दागिने आणि डॉलर भरलेली पेटी पाठवली आहे, ती दिल्ली विमानतळावर अडली आहे, शुल्क भरा, असा फोन येतो. एकट्या राहणाऱ्या बायका आणि निवृत्त माणसे त्यात आयुष्यभराची पुंजी घालवतात. तुमच्या अधिकृत पत्रांवर नोव्हेंबर 2019 पासून डीआयएन हा ओळख क्रमांक असतो आणि तो संकेतस्थळावर तपासता येतो. फसवणूक झाल्यास 1930 या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार करता येते. ही माहिती इंग्रजी प्रसिद्धिपत्रकांतून बाहेर काढून प्रत्येक टपाल कार्यालयाच्या भिंतीवर, बचत खात्याच्या पासबुकाच्या मागच्या पानावर मराठीत छापा. ज्यांना धोका सर्वांत जास्त आहे, ती माणसे महिन्यातून एकदा तरी त्याच खिडकीशी येतात.

माणसे परदेशी गेली, ती आपल्याच धोरणांनी घडवलेल्या शिक्षणामुळे आणि संधींमुळे. त्यांच्या पाठवणीचे सोने, येवल्याची पैठणी, आजीची ठुशी यांचा प्रवास मात्र अजून एखाद्या ओळखीच्या प्रवाशाच्या हातातल्या पिशवीवर अवलंबून आहे. त्या प्रवाशालाही आपण दोन देशांच्या सीमाशुल्काच्या प्रश्नांत ढकलतो.

पुढच्या श्रावणाच्या आत तीन गोष्टी तरी व्हाव्यात. पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर आणि पणजी येथील मुख्य टपाल कार्यालयांत देशवार काय पाठवता येते, त्यावर किती कर लागतो आणि हरवल्यास किती रुपये मिळतात याचा मराठी-कोंकणी फलक लागावा. एचयूआयडी नोंदवून विमा उतरवलेल्या दागिन्यांच्या पार्सलाची सेवा यांपैकी किमान एका ठिकाणी, किमान एका देशासाठी सुरू व्हावी. आणि काउंटरवर खोटे वर्णन सुचवणाऱ्या कर्मचाऱ्याची तक्रार कुठे करायची, तो पत्ता त्याच खिडकीवर असावा. लेखी उत्तराची वाट पाहते.

कळावे.

आपली,
पुण्यातील एक टपालग्राहक