दसऱ्याची गाडी घेण्याआधी बाजार ओळखा

पुढच्या लग्नाला गेलात की एक काम करा. मंगल कार्यालयाबाहेर लावलेल्या पन्नास दुचाकी मोजा. टाकीवरची नावं बघा. हिरो, होंडा, टीव्हीएस, बजाज. या चार नावांतच तुम्ही चाळीसच्या आसपास पोचाल. उरलेल्यांत रॉयल एन्फिल्ड, यामाहा, सुझुकी आणि एखाद-दुसरी बॅटरीवरची स्कूटर. देशभरातलं चित्रही असंच आहे. शंभर नव्या दुचाकी विकल्या गेल्या, तर ऐंशीहून अधिक या चौघांच्या असतात.

हे मोजायला का सांगतोय? तुम्ही सणाला गाडी घ्यायचं ठरवलं आहे. पैसे घेऊन ज्या बाजारात जायचं, तो कसा चालतो हे आधी कळलेलं बरं. नाहीतर जिथे भाव तुटत नाही तिथे माणूस तास तास घासाघीस करतो, आणि जिथे तुटतो तिथे गुपचूप सही करून येतो.

आपल्या नाशकातच किती तऱ्हेचे बाजार आहेत बघा. लासलगावला हजारो शेतकरी कांदा आणतात. त्यातला एक जण म्हणाला, ‘आज माझा भाव मी ठरवणार’, तर त्याची ट्रॉली तशीच परत जाईल. कुणा एका शेतकऱ्याच्या हातात तिथे भाव नाही. घरी येणारं विजेचं बिल याच्या अगदी उलट. वीज देणारी एकच कंपनी, तेव्हा आकडा येईल तो भरायचा. मिसळीचं आणखी निराळं. चौकाचौकात मिसळ मिळते, प्रत्येकाचा रस्सा वेगळा. तुमच्या आवडीच्या मालकाने दहा रुपये वाढवले तरी तुम्ही जाता. फारच वाढवले तर शेजारच्याकडे जाता.

मोटारसायकलचा बाजार या तिन्हींसारखा नाही. इथे बनवणारे मोजके आणि सगळे मोठे. घरात बारावीला अर्थशास्त्र घेतलेलं मूल असेल तर त्याला विचारा. त्याच्या पुस्तकात याला ‘अल्पाधिकार’ म्हणतात. शब्द विसरलात तरी चालेल. ‘थोडे विकणारे, एकमेकांवर डोळा ठेवून असणारे’ एवढं लक्षात ठेवा.

मोजकेच का? अंबड-सातपूरला काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. गाड्यांचे सुटे भाग तिथे कितीतरी छोट्या कारखान्यांत तयार होतात. चांगला हात असलेला माणूस चार यंत्रं टाकून भाग बनवू शकतो. पण अख्खी मोटारसायकल बाजारात आणायची तर आकुर्डी, वाळूज किंवा चाकणसारखा प्रकल्प लागतो. शिवाय तालुक्यातालुक्यात विक्रेते आणि गावागावात सुटे भाग लागतात. एवढा पैसा आणि एवढी वर्षं फार थोड्यांकडे असतात.

मोजके म्हणजे वाईटच, असंही समजू नका. आजोबांना विचारा. त्या काळी कुणी किती स्कूटर बनवायच्या हे दिल्लीचं लायसन्स ठरवायचं. मागणी प्रचंड आणि माल थोडा. १९७२ साली बजाजची चेतक आली, पण ‘नंबर लागायला’ लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. पैसे भरून तयार असायचे, गाडी नसायची. १९८०च्या दशकात सरकारने जपानी कंपन्यांशी भागीदारीला वाट दिली. १९८४ला हिरो होंडा उभी राहिली, बजाजने कावासाकीचा हात धरला, आणि गिऱ्हाइकाला निवड करता येऊ लागली. आज तुम्ही दुपारी जाऊन संध्याकाळी गाडी बुक करता, ते त्या बदलामुळे.

आता मुद्द्याचं. थोडेच विकणारे असले की ते किमतीवरून सहसा भांडत नाहीत. एकाने शंभर सीसीच्या गाडीचे तीन हजार कमी केले, तर उरलेले तिघे आठवड्यात तेवढेच कमी करतील. गिऱ्हाईक जिथल्या तिथे आणि नफा सगळ्यांचाच घटलेला. हे प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यासाठी गुपचूप बैठक घ्यावी लागत नाही. तशी संगनमताने किंमत ठरवली तर तो २००२च्या स्पर्धा कायद्याचा भंगच आहे, त्याला जबर दंड होतो.

म्हणून दसऱ्याच्या जाहिराती नीट वाचा. मोठ्या अक्षरात काय असतं? कमी डाऊन पेमेंट. जुन्या गाडीवर बोनस. नवा रंग, जास्त मायलेज. मूळ किंमत कुठेतरी तळाशी बारीक अक्षरात असते.

मूळ किंमत खरोखर कोसळलेली मला ठळक आठवते ती मार्च २०१७मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्चला आदेश दिला, की १ एप्रिलपासून बीएस-३, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांप्रमाणे बनलेल्या, गाड्या विकायच्या नाहीत. देशभर पावणेसात लाखांच्या आसपास दुचाकी पडून होत्या. दोन दिवसांत त्या गेल्या नाहीत तर देशात विकता येणार नव्हत्या. तेव्हा हजारोंची सूट निघाली आणि शोरूमसमोर रांगा लागल्या. असा प्रसंग रोज येत नाही. त्याची वाट बघत बसू नका.

किंमत बदलण्याचं दुसरं कारण म्हणजे कर. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के झाला. शंभर रुपयांची गाडी करासह १२८ला पडायची, ती ११८ला पडू लागली. त्यापेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाड्यांवर मात्र ४० टक्के लागतो. कोटेशनवर कराचा आकडा वाचून घ्या.

तर मग तुमच्या हातात काय उरलं? बरंच उरलं.

आपल्या सराफ बाजारात सोनं कसं घेता ते आठवा. त्या दिवसाचा सोन्याचा भाव सगळ्या पेढ्यांवर जवळपास एकच. त्यावर कुणी वाद घालत नाही. जाणती बाई बोलते ती मजुरीवर. गाडीचंही तसंच करा. कंपनीची किंमत हा सोन्याचा भाव समजा. विक्रेता, विमा, कर्ज, वरचं सामान ही सगळी मजुरी. तिथे विकणारे पुष्कळ आहेत, आणि विकणारे पुष्कळ असले की तुमच्या शब्दाला वजन येतं.

आधी एकाच गाडीची दोन कोटेशन आणा. कंपनी तीच, विक्रेते दोन. तालुक्याला एकच विक्रेता असेल तर तिथे त्याचीच चालते हे ओळखा आणि एक दिवस नाशिकला या. सिन्नर-निफाडहून यायला भाडं किती लागतं? कोटेशन तोंडी घेऊ नका. ‘ऑन रोड एवढे’ असा एकच आकडा तर मुळीच नको. एक्स-शोरूम किंमत, पासिंगचा कर आणि फी, विमा, सामान, प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत लिहून मागा.

मग एकेका ओळीवर बोट ठेवून विचारा, ‘हे कशाचे?’ आरटीओत जे पैसे भरले जातात त्याची सरकारी पावती निघते. ती मागा. ‘हँडलिंग’ किंवा ‘इतर’ अशी ओळ दिसली तर त्याबद्दल काय काम केलं ते लिहून द्यायला सांगा. बहुतेक वेळा ती ओळ तिथेच पुसली जाते. साडी गार्ड आणि मागे बसणाऱ्याला धरायची पकड नियमानेच गाडीला असावी लागते. हेल्मेटही गाडीबरोबर देण्याचा नियम आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १३८. आयएसआय खुणेचंच घ्या. सीट कव्हर, कोटिंग, वाढीव वॉरंटी नको असेल तर नको म्हणा. संकोच करू नका.

विम्यात दोन भाग असतात. समोरच्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा, नव्या दुचाकीला एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. सप्टेंबर २०१८पासून तसा नियम आहे. त्याचा दर सरकार ठरवतं, त्यामुळे तो सगळीकडे सारखाच. पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग कंपनीगणिक बदलतो. शोरूममधलाच विमा घेण्याची सक्ती नाही. घरी बसून दोन ठिकाणचे आकडे काढा आणि ते दाखवा.

आता कर्ज. इथे मी थोडा जास्त थांबतो, कारण घरं इथेच फसतात.

माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. सातपूरला नोकरी. गाडी घेताना दिवसभर भांडून त्याने पाचशे रुपये सोडवले, आणि त्याच टेबलावर दहा मिनिटांत कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या. ८०,००० रुपये, तीन वर्षं, ‘फक्त दहा टक्के’. तो दहा टक्के फ्लॅट होता. म्हणजे तीन वर्षं पूर्ण ऐंशी हजारांवरच व्याज. वर्षाला आठ हजार, एकूण चोवीस हजार. हप्ता २,८८९ रुपयांचा.

पण दर महिन्याला मुद्दल फिटत असतं. दुसऱ्या वर्षी त्याच्याकडे ऐंशी हजार उरलेलेच नसतात, तरी व्याज तेवढ्यावरच. घटत्या रकमेवर मोजलं तर हेच कर्ज जवळपास १८ टक्क्यांचं होतं. एखाद्या बँकेने घटत्या रकमेवर ११ टक्क्यांनी तेच कर्ज दिलं असतं, तर हप्ता २,६१९ रुपये पडला असता. तीन वर्षांत साडेनऊ हजारांहून जास्त वाचले असते. पाचशेसाठी दिवस घालवला आणि हे गेले. शाळेची एका मुलाची वह्या-पुस्तकं, दप्तर, गणवेश त्यात येतो. मला ते आजही लागतं, कारण त्या दिवशी मी त्याच्यासोबत होतो आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

म्हणून शोरूमला जायच्या आधी तुमच्या बँकेत, पतसंस्थेत, कंपनीच्या सोसायटीत चौकशी करा. ‘दर फ्लॅट की घटत्या रकमेवर?’ हा एक प्रश्न नक्की विचारा. १ ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँका आणि फायनान्स कंपन्यांना सक्ती केली आहे, की कर्ज घेणाऱ्याला एका कागदावर सगळी ठळक माहिती द्यायची. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, तो आकडा त्यावर असतो. तो कागद घरी आणा. रात्री चौघांनी मिळून वाचा. सही दुसऱ्या दिवशी.

कोणती गाडी घ्यावी हे मी सांगणार नाही. एक गोष्ट मात्र तपासा. या बाजारातून मोठी नावंही गेली आहेत. राजदूत गेली, एलएमएल गेली. येझदी कित्येक वर्षं दिसेनाशी होती, मग परतली. गाडी घरात आणि सुटे भाग कुठेच नाहीत, अशी वेळ ज्यांच्यावर आली त्यांना विचारा. बॅटरीच्या स्कूटरमध्ये आज नवी नावं आली आहेत, त्यांनी जुन्यांना जागं केलं हे चांगलंच झालं. पण घेण्याआधी तुमच्या भागातल्या मेकॅनिककडे जा. ‘ही गाडी तुम्ही उघडता का? भाग किती दिवसांत येतो?’ तो जे सांगेल ते जाहिरातीपेक्षा जास्त ऐका. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, किती किलोमीटरची, ते लिहून घ्या.

तक्रारीची वेळ आली तर पावत्याच बोलतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्याने भागलं नाही तर नाशिकला जिल्हा ग्राहक आयोग आहे.

गाडी ताब्यात घेताना हार घालायच्या आधी चासी आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवा. गाडी कोणत्या महिन्यात बनली तेही बघा. गेल्या वर्षीची असेल तर पुढे विकताना एक वर्ष जुनी धरली जाईल, तेव्हा सूट आजच मागा. दोन्ही चाव्या मोजून घ्या. मग नारळ फोडा.