संगीताचा तास

मूल बुद्धिमान निपजावे म्हणून त्याच्या पाळण्याशी रागदारीच्या ध्वनिमुद्रिका लावून ठेवण्याचा जो परिपाठ सुशिक्षित कुटुंबांत रूढ होऊ पाहत आहे, त्यामागील वात्सल्याविषयी दुमत नाही. परंतु ज्या प्रयोगामुळे हा समज फोफावला, तो मुळात फारच मर्यादित होता. १९९३ साली अमेरिकेत फ्रान्सिस राउशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्ट ऐकविला, तेव्हा आकृतिबोधाच्या चाचणीत त्यांचे गुण वाढले आणि सुमारे पाव तासात ती वाढ ओसरली. एवढ्यावर विसंबून १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकास ध्वनिमुद्रिका देण्याकरिता १,०५,००० डॉलरांची तजवीज सुचविली!

संगीताचा खरा संस्कार श्रवणाहून साधनेत आहे, असे माझे मत आहे. त्रिताल शिकणारे आठ वर्षांचे मूल पाहावे. सोळा मात्रांचा ठेका ते मुखाने म्हणते, पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी देते, नवव्या मात्रेवर खाली दाखविते. मग गुरुजी 'दुगुन' म्हणतात, तेव्हा हाताची लय तीळभरही न ढळू देता तेच बोल दुप्पट गतीने म्हणून त्याला नेमके समेवर यावयाचे असते. आरंभी हात जिभेमागे धावू लागतो. रियाजाने तो स्थिरावतो. कान, जीभ, हात व स्मृती यांची एकाच क्षणी अशी हजेरी घेणारा दुसरा विषय शालेय अभ्यासक्रमात मला तरी आढळत नाही. गणिताचे गुण वाढतील, या आमिषावर त्याची वकिली करणे मात्र मला प्रशस्त वाटत नाही.

साधनेचा हा संस्कार किती खोलवर रुजतो, याची साक्ष आजारपणात मिळते. पक्षाघाताने मेंदूच्या डाव्या भागास इजा होऊन ज्यांची वाचा गेली, अशा कित्येक रुग्णांना साधे पाणी मागता येत नाही. परंतु लहानपणी घरच्या मंडळींबरोबर टाळ्या वाजवीत म्हटलेली आरती ते शब्दांसकट गाऊ शकतात. याच विलक्षण गोष्टीच्या आधारे १९७३ साली बोस्टन येथील चिकित्सकांनी एक उपचारपद्धती मांडली: नित्याचे वाक्य उच्च-नीच अशा दोन स्वरांत गावयाचे, प्रत्येक अक्षरागणिक डाव्या हाताने ठोका द्यावयाचा, आणि क्रमाक्रमाने सूर सोडीत साध्या बोलण्यावर यावयाचे.

असे असता, परीक्षा जवळ येताच आपल्या शाळांतील संगीताचा तास गणिताच्या स्वाधीन होतो, संगीतशिक्षकाचे रिक्त पद भरण्याची निकड कोणासही भासत नाही, आणि कपाटातील हार्मोनियम स्नेहसंमेलनापुरती बाहेर निघते. शिक्षणखात्याने हा तास अबाधित राखण्याचा हुकूम काढावा, आणि त्यासाठी कायम वेतनाच्या शिक्षकाची तरतूद अंदाजपत्रकात करावी. शाळांनीही स्पर्धेकरिता चार सुरेल मुले निवडून उरलेल्या चाळीसांना गप्प बसविण्याची पद्धत प्रथम बंद करावी. गळा नसलेल्या मुलासही ताल धरता येतो, आणि त्याचा त्या तासावर तेवढाच हक्क आहे.