स्टेपनीची जन्मतारीख

मंडळी, दिवाळी जवळ आली की आपल्या शाहपुऱ्यात गाड्या धुवायची घाई उडते. कुणी बैतूलमार्गे नागपूरला, कुणी इंदूर-धुळे करत नाशिक-पुण्याला. सकाळी तलावाकाठी फिरताना निम्म्या गप्पा त्याच. गेल्या रविवारी भाचा म्हणाला, "मामा, क्रेटाला अठरा इंची अलॉय बसवून घेऊ का? काय भारी दिसेल!"

मी म्हटलं, आधी डिक्की उघड.

पिशव्या, छत्र्या, क्रिकेटची बॅट बाहेर काढली आणि तळाचं झाकण उचललं. स्टेपनीत हवा निघाली सोळा पीएसआय. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे होते २२१८, म्हणजे २०१८ सालचा बाविसावा आठवडा. बाहेरचे चार टायर बदलून दोन वर्षं झाली, पाचव्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. तुमच्या गाडीचे हे चार आकडे आजच वाचा. रबर नुसतं पडूनही म्हातारं होतं.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी बरेठा घाटात रात्री साडेनऊला आमचा मागचा टायर बसला. गाडीत आई, दोन मुलं आणि फराळाचे डबे. स्टेपनी काढली तर तीही बसलेली. एका ट्रकवाल्या दादांनी त्यांच्या पाइपने हवा भरून दिली म्हणून आम्ही निघालो. तासभर आई एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

आता अठरा इंचांचं. भाच्याच्या गाडीला कंपनीचा टायर २१५/६० आर १७. म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९. चाकाची एकूण उंची फार न बदलता अठरा इंची रिम घालायची तर टायर २१५/५५ लागतो आणि भिंत राहते ११८. खड्ड्याचा दणका झेलणारं रबर अकरा मिलिमीटरनं कमी! मग टायरला फुगा येतो नाहीतर रिमला चीर जाते. आणि आपल्याकडे पावसाळ्यानंतर गल्लीबोळांतून गाडी चालवायची असते, शोरूमच्या फरशीवर नाही.

आकारापुढचा आकडाही बघायचा. ९६ म्हणजे एक टायर ७१० किलो पेलतो, ९२ म्हणजे ६३०. दुकानदार "चलेगा भैया" म्हणत कमी आकड्याचा देत असेल तर घेऊ नका. पाच माणसं आणि सामान तोच टायर वाहणार आहे.

आमच्या भाच्याची स्टेपनी तर २०५/६५ आर १६, म्हणजे इतर चाकांपेक्षा साधारण १७ मिलिमीटर बुटकी. ती पंक्चरवाल्यापर्यंत सावकाश जाण्यापुरती, थेट नागपूर गाठायला नव्हे.

नागपूरच्या पुढे समृद्धी महामार्ग धरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ पासून मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण खुला झाला. मोटारींना वेगमर्यादा १२०, रस्ता काँक्रीटचा, वळणं कमी. तासन् तास एकाच वेगात टायरला उसंत मिळत नाही. हवा कमी असेल तर प्रत्येक फेरीत भिंत दुमडते, तापते आणि शेवटी फाटते. टक्कल पडलेल्या टायरांच्या गाड्या आरटीओने तिथे प्रवेशापाशीच अडवल्या होत्या, त्या उगाच नाही. खाचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली की टायर संपला. खाचेतली छोटी आडवी पट्टी रबराच्या पातळीला आली की समजायचं.

हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. किती, ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. भरल्या गाडीचा आकडा वेगळा असेल तर तोच घ्या. तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका, फसाल. नायट्रोजन हवा तर भरा, पण त्याने महिन्याची तपासणी चुकत नाही.

असो. रविवारी दुपारी भाचा आणि भाची दोघांना अंगणात चाक बदलायला लावलं. नट आधी जमिनीवरच सैल करायचे, मग जॅक, हे भाचीला आठवलं. त्याला नाही. पहिल्या खेपेला चाळीस मिनिटं, दुसऱ्या खेपेला अठरा. नवी स्टेपनी सोमवारी आली. अलॉयचे पैसे अजून भाच्याच्या खात्यात आहेत, आणि ताईची नजर त्यांच्यावर आहे.